सिडनी ते सँटियागो किती लांब? विमानाचं अंतर आणि वेळ स्वतः काढण्याची रीत

दोन शहरांमधलं अंतर शोधलं की सगळीकडे जवळपास एकच आकडा मिळतो. विमानाला किती वेळ लागतो हे शोधलं की पाच ठिकाणी पाच उत्तरं मिळतात. त्यातलं खोटं सहसा कोणतंच नसतं. एकाने अंतराला ठरावीक वेगाने भागलेलं असतं, दुसऱ्याने फक्त हवेतला वेळ दिलेला असतो, तिसऱ्याने वेळापत्रकातला, तर चौथ्याने मधल्या विमानतळावर काढलेल्या पाच तासांसकट. अंतर ही भूमिती आहे, ती बदलत नाही. वेळ मात्र तुकड्या-तुकड्यांनी बनतो आणि प्रत्येक तुकडा वेगळा काढावा लागतो. जाताना एक आणि येताना दुसरा, अशी दोन उत्तरं येतात हेही आधीच धरून चाला.

उदाहरणासाठी ऑस्ट्रेलियातलं सिडनी आणि चिलीतलं सँटियागो घेऊ. नवखा माणूस जिथे जिथे चुकतो त्या जवळजवळ सगळ्या जागा या एका मार्गावर आहेत.

पायरी १: शहर नको, विमानतळ पक्का करा

सिडनी नावाचं एक गाव कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे आणि तिथेही विमानतळ आहे. ऑस्ट्रेलियाचं तिकीट समजून कॅनडातल्या सिडनीला उतरलेल्या प्रवाशांच्या बातम्या अधूनमधून आलेल्या आहेत. सँटियागोचं तर विचारूच नका: एक चिलीत, एक स्पेनमध्ये, एक डोमिनिकन रिपब्लिकमध्ये. म्हणून नावावर न जाता आयाटाचा (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) तीन अक्षरी कोड बघायचा. ऑस्ट्रेलियातलं सिडनी म्हणजे एसवायडी, कॅनडातलं वायक्यूवाय. चिलीचं सँटियागो एससीएल, स्पेनचं एससीक्यू. फरक एका अक्षराचा, मधे अख्खा अटलांटिक.

काही कोड विमानतळाचे नसून शहराचे असतात. एलओएन म्हणजे लंडन, त्यात हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन सगळे आले. टीवायओ म्हणजे टोकियो, त्यात हानेदाही आला आणि नारिताही. आकाशातल्या अंतरात याने फारसा फरक पडत नाही, जमिनीवर पडतो: हानेदा शहराच्या मध्यापासून साधारण १५ किलोमीटरवर आहे, नारिता ६० च्या आसपास.

पायरी २: अक्षांश-रेखांश दशांशात घ्या

सिडनी विमानतळ: अक्षांश −३३.९४६, रेखांश +१५१.१७७.
सँटियागो विमानतळ: अक्षांश −३३.३९३, रेखांश −७०.७८६.

उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. हे चिन्ह विसरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, ती पुढे दिसेलच. दुसरी चूक अंश-मिनिटांची. ३३ अंश ५६ मिनिटं म्हणजे ३३.५६ नव्हे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून मिळवायचं असतं, म्हणून ३३ अंश ५६ मिनिटं ४६ सेकंद म्हणजे ३३.९४६. ही गफलत झाली तर एका टोकाला चाळीसेक किलोमीटरचा फरक सहज पडतो.

पायरी ३: अंतर काढा

गोलावर दोन बिंदूंमधली सगळ्यात जवळची वाट बृहद्‌वृत्तावरून, म्हणजे गोलाचे दोन समान अर्धे करणाऱ्या वर्तुळावरून, जाते. आधी पृथ्वीच्या केंद्राशी या दोन बिंदूंमध्ये होणारा कोन काढायचा. त्याचं सूत्र असं:

कोसाइन(कोन) = साइन(अक्षांश १) × साइन(अक्षांश २) + कोसाइन(अक्षांश १) × कोसाइन(अक्षांश २) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, हे आधी तपासा. साइन ३० चं उत्तर ०.५ आलं पाहिजे. नाही आलं तर तो रेडियनवर (कोनाच्या दुसऱ्या मापावर) आहे आणि पुढचं सगळं वाया जाईल.

आता आकडे घालू. रेखांशांतला फरक १५१.१७७ वजा (−७०.७८६), म्हणजे २२१.९६३. हा १८० च्या वर गेला, म्हणजे आपण पृथ्वीला लांबच्या बाजूने वळसा घातला. ३६० मधून वजा केला की १३८.०३७ उरतो. (दोन्हींचा कोसाइन एकच असल्यामुळे सूत्राला याने काही बिघडत नाही, पण नकाशावर अंदाज घेताना बिघडतं. सवय लावून घ्यावी.)

पहिला भाग: (−०.५५८४) × (−०.५५०४) = ०.३०७३
दुसरा भाग: ०.८२९६ × ०.८३४९ × (−०.७४३६) = −०.५१५०
बेरीज: −०.२०७७
ज्याचा कोसाइन एवढा आहे तो कोन: १०१.९९ अंश

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला १११.१९५ किलोमीटर पडतात. गुणाकार केला की साधारण ११,३४० किलोमीटर. हेच अंतर.

बेरीज उणे आली म्हणून घाबरायचं कारण नाही. उणे म्हणजे कोन ९० च्या वर, म्हणजे अंतर १०,००० किलोमीटरपेक्षा जास्त, एवढाच अर्थ.

आता चिन्हाची चूक बघा. सँटियागोचा रेखांश उणे न लिहिता नुसता ७०.७८६ लिहिला तर फरक येतो ८०.३९१ आणि उत्तर येतं सुमारे ७,२२५ किलोमीटर. घातक गोष्ट ही की हा आकडा दिसायला अगदी खरा वाटतो. २५,००० आलं असतं तर लगेच शंका आली असती, कारण पृथ्वीवरचे कोणतेही दोन बिंदू २०,००० किलोमीटरहून फारसे लांब असूच शकत नाहीत. ७,२२५ वर कुणी शंका घेत नाही. म्हणून उत्तर पृथ्वीगोलावर पडताळायचं: दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरायचा, मग तोच दोरा विषुववृत्तावर ठेवायचा. विषुववृत्ताची पूर्ण फेरी ४०,००० किलोमीटरची. दोरा तिच्या चौथ्या हिश्श्याहून जरा जास्त भरला, तर गणित जुळलं.

दोरा ताणला की आणखी एक गोष्ट दिसते. ही दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षवृत्तावर आहेत, त्यामुळे भिंतीवरच्या नकाशात वाटतं की विमान सरळ पूर्वेला जात असेल. त्या आडव्या रेषेवरून गेलं तर सुमारे १२,७७५ किलोमीटर पडतात. ताणलेला दोरा मात्र दक्षिणेला वाकून जवळपास ६२ अंश दक्षिणेपर्यंत उतरतो, अंटार्क्टिकाच्या दारात, आणि चौदाशे किलोमीटर वाचवतो. सीटसमोरच्या पडद्यावर वाट वाकडी दिसते ती याचमुळे. वाकडा नकाशा असतो, वाट नव्हे. मर्केटरने १५६९ मध्ये तो जहाजांना दिशा धरता यावी म्हणून आखला, अंतर मोजायला नव्हे.

पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी असल्यामुळे या उत्तरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक राहते. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके हे अंतर या सूत्राने ५,५४० किलोमीटर येतं, चपटेपणा धरणारी साधनं पंधराएक किलोमीटर जास्त दाखवतात. वेळेचा अंदाज करायचा असेल तर सोडून द्या.

हे सगळं हाताने करायचं नसेल तर ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन कोड टाका, अंतर आणि नकाशा दोन्ही मिळतात. फक्त आकडा कोणत्या मापात आहे ते बघा. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ चा. विमानवाल्यांच्या कागदांवर सागरी मैल असतात आणि तो आकडा साधा मैल समजून किलोमीटरमध्ये बदलला तर अंतर तेरा टक्क्यांनी कमी भरतं.

पायरी ४: खरी वाट थोडी लांब असते

आखलेल्या रेषेवरून नेमकं कोणतंच विमान जात नाही. लांबच्या प्रवासाला ३ ते ५ टक्के वर धरावेत. सिडनी-सँटियागोला ३ टक्के धरले तर ११,६८० किलोमीटर होतात.

कारणं बरीच आहेत. उड्डाण आणि उतरण्याचे मार्ग धावपट्टीच्या दिशेनुसार ठरलेले असतात. दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत कुठेही एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक मिनिटांत पर्यायी विमानतळ गाठता यावा असा नियम असतो. दक्षिण महासागरात असे विमानतळ फारच थोडे, म्हणून दोरा जेवढा दक्षिणेला जातो तेवढं विमान जाईलच असं नाही. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज पाहून दिवसातून दोनदा मार्गांचा नवा संच जाहीर होतो: एक पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी, एक पूर्वेला जाणाऱ्यांसाठी.

आणि कधीकधी आकाशच बंद असतं. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. २०२२ च्या आधी रशियावरून जाताना साधारण नऊ-साडेनऊ तास लागायचे. त्या वर्षी रशियाचं आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झालं आणि त्याच प्रवासाला तेरा तासांच्या आसपास लागू लागले. अशा मार्गावर टक्केवारी उपयोगाची नाही, सध्याची वाट बघूनच हिशेब करावा. जुन्या लेखांतले वेळेचे आकडे तर सरळ बाजूला ठेवावेत.

पायरी ५: वेग

मोठी लांब पल्ल्याची विमानं (बोइंग ७८७, एअरबस ए३५०) ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने उडतात. विमानं जिथे उडतात तिथली हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. म्हणजे विमान ताशी ९०० चं. ए३२० सारखी लहान विमानं ०.७८ च्या आसपास, म्हणजे ताशी ८३०. हा वेग हवेच्या तुलनेत आहे, जमिनीच्या नव्हे, आणि सगळी गंमत इथून सुरू होते.

पायरी ६: वारा

मध्यम अक्षांशांवर, दोन्ही गोलार्धांत, विमानांच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरकस वारे वाहतात. पूर्वेला जाणाऱ्याला ते मागून ढकलतात, पश्चिमेला जाणाऱ्याला समोरून अडवतात. म्हणूनच न्यूयॉर्कहून लंडनला जायला लंडनहून न्यूयॉर्कला जाण्यापेक्षा तासभर तरी कमी लागतो. पृथ्वी खालून फिरते म्हणून असं होतं, हे स्पष्टीकरण बरेच जण छातीठोकपणे देतात. ते चूक आहे. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, विमानही.

फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्याने ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. विमान हवेत नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच पळत होती.

नवखे लोक इथे एक सोपी पळवाट काढतात: जाताना मिळतं, येताना जातं, म्हणजे फिटंफाट. फिटत नाही. ५,५४० किलोमीटरच्या मार्गावर ताशी १२० चा वारा धरा. मागून असेल तर वेग १,०२०, वेळ ५ तास २६ मिनिटं. समोरून असेल तर वेग ७८०, वेळ ७ तास ६ मिनिटं. एकूण १२ तास ३२ मिनिटं. वारा नसता तर जाऊन-येऊन १२ तास १९ मिनिटं लागली असती. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा. यासाठीच सरासरी वेळ काढून दोन्हीकडे वापरू नये.

किती वारा धरायचा? पूर्व-पश्चिम मार्गाला मागून असेल तर ताशी ८० ते १००, समोरून असेल तर ५० ते ७० धरला की अंदाज बऱ्यापैकी बसतो. समोरून कमी धरायचा कारण वाट आखणारे वारा टाळून जातात, थोडं जास्त अंतर पडलं तरी. हिवाळ्यात जेट स्ट्रीम जोरात असतो, म्हणून त्या मोसमातली वेळापत्रकंही वेगळी असतात. उत्तर-दक्षिण मार्गावर हा फरक थोडाच राहतो.

सिडनी ते सँटियागो: ११,६८० ला ९८० ने भागलं, ११ तास ५५ मिनिटं.
परत येताना: ११,६८० ला ८५० ने भागलं, १३ तास ४५ मिनिटं.

पायरी ७: जमिनीवरचा वेळ मिळवा

चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं, त्याचे १५ मिनिटं. दरवाज्यापासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर परत दरवाज्यापर्यंत २० ते २५ मिनिटं, गजबजलेल्या विमानतळावर जास्त. मिळून ४० मिनिटं. आपली उत्तरं झाली जाताना १२ तास ३५ मिनिटं, येताना १४ तास २५ मिनिटं.

तिकिटावर असतो तो हाच दरवाजा ते दरवाजा वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान कंपन्या त्यात थोडी सवडही ठेवतात, म्हणजे उशिरा निघूनही वेळेवर पोचल्याची नोंद होते. तुमचा हिशेब वेळापत्रकापेक्षा दहा-वीस मिनिटं कमी आला तर गणित बरोबरच आहे असं समजा.

पायरी ८: घड्याळ लावा

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. थेट वजाबाकी करू नका. आधी दोन्ही यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत, आणा.

जानेवारीत सिडनीहून दुपारी १२:३० ला निघालात. उन्हाळी वेळेमुळे (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात) सिडनी तेव्हा यूटीसीच्या ११ तास पुढे असतं, म्हणजे यूटीसी ०१:३०. त्यात १२ तास ३५ मिनिटं मिळवली, १४:०५. सँटियागो तेव्हा यूटीसीच्या ३ तास मागे. पोचायची वेळ सकाळी ११:०५, त्याच तारखेला. निघालात त्याच्या आधी पोचलात. तिकिटात छापायची चूक झाली म्हणून फोन करू नका, आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की असंच होतं.

परत येताना दुपारी १:३० ला निघालात तर यूटीसी १६:३०. अधिक १४ तास २५ मिनिटं, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे ०६:५५. सिडनीत संध्याकाळचे ५:५५, तारीख पुढची. तिकिटावर वेळेच्या शेजारी छोटा +१ असतो तो याचा. हॉटेलचं आरक्षण करताना सगळ्यात जास्त चुका या +१ कडे न बघितल्याने होतात: खोली एक दिवस आधीची घेतली जाते आणि माणूस न आल्याने रद्दही होते.

दोन शहरांतल्या वेळेचा फरक वर्षभर एकच राहतो असंही धरू नका. जानेवारीत सिडनी आणि सँटियागोमध्ये १४ तासांचा फरक असतो. पण चिली सप्टेंबरातच घड्याळ पुढे करते आणि सिडनी ऑक्टोबरात, त्यामुळे मधले काही आठवडे फरक १३ तासांवर येतो. अर्ध्या आणि पाऊण तासाचे विभागही आहेत: भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा.

पायरी ९: थेट विमान नसेल तर

आधी एक शब्द नीट समजून घ्या. 'डायरेक्ट' म्हणजे 'नॉन-स्टॉप' नव्हे. डायरेक्ट विमान वाटेत उतरू शकतं, फक्त त्याचा क्रमांक तोच राहतो. शोधताना नॉन-स्टॉपच निवडा.

थांबा घ्यावाच लागला तर दोन्ही टप्प्यांचं अंतर वेगळं काढून बेरीज करा आणि थेट अंतराशी ताडून बघा. सिडनी-ऑकलंड २,१६० आणि ऑकलंड-सँटियागो ९,६५०, मिळून ११,८१०. थेट अंतरापेक्षा जेमतेम चार टक्के जास्त, म्हणजे वाटेवरचाच थांबा. लॉस एंजेलिसमार्गे गेलात तर सुमारे २१,००० होतात, जवळपास दुप्पट. तिकीट स्वस्त दिसलं की लोक हे बघतच नाहीत. थेट अंतराच्या सव्वापटीपर्यंतची वाट ठीक, दीडपटीच्या वर गेली तर स्वस्ताई झोपेतून वसूल होते.

प्रत्येक थांब्याला ती ४० मिनिटं पुन्हा लागतात, शिवाय विमान बदलण्याचा वेळ. वाटेवरचा चांगला थांबासुद्धा प्रवास अडीच-तीन तासांनी वाढवतोच. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर सामान उचलणं, देशात प्रवेश घेणं (त्यासाठी व्हिसा लागू शकतो) आणि पुन्हा चेक-इन करणं सगळं तुमच्यावर. अशा वेळी मधे चार तासांपेक्षा कमी ठेवू नयेत.

शेवटची पडताळणी

फ्लाइटरडार२४ सारख्या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या आठवड्याभराच्या प्रत्यक्ष उड्डाणांच्या वेळा दिसतात. सात-आठ दिवसांचे आकडे लिहून काढा. तिथे उड्डाण ते उतरणं एवढा हवेतला वेळ मिळेल, त्यात दरवाजा ते धावपट्टी आणि परत अशी जमिनीवरची २५ मिनिटं मिळवूनच वेळापत्रकाशी तुलना करा. पुढचं विमान, बस किंवा कुणाची भेट ठरवायची असेल तर या आकड्यांची सरासरी घेऊ नका, त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्या. आणि ज्या मोसमात जाणार त्याच मोसमातले आकडे बघा: मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार या दोन दिवशी जगभरातली विमानांची वेळापत्रकं बदलतात, आणि तिकीट या तारखांच्या अलीकडे काढून प्रवास पलीकडे असेल तर निघायच्या आठवडाभर आधी वेळ पुन्हा एकदा तपासावी लागते.